खोडद ते गुवाहाटी: आधी जागा बघायला

"खोडदपास्नं गुवाहाटी किती मुक्काम?" आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं. मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही. सरळ रेषेत दोन हजार किलोमीटरच्या आसपास, हवेत चार तासांहून थोडं कमी, एवढं मोबाईल सांगतो. पण आमच्या घरात अंतर मेंढरांच्या चालीनं मोजतात, आणि मेंढरं कोलकात्याला विमान बदलत नाहीत.

ब्रह्मपुत्रेकाठच्या एका लहान शाळेनं मला विज्ञान शिकवायला बोलावलं होतं. घरातली पहिली पदवीधर मी, मला जायचंच होतं. आबा हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. शेवटी म्हणाले, "वाडा हलवायच्या आदी एक माणूस फुडं जातो. चारापाणी बगतो, मान्सं बगतो. तू जा, बगून ये." वाडा म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारा आम्हा मेंढपाळांचा तळ, आणि पुढे जायचं हे काम आजवर पुरुषांचंच. आई म्हणाली, निदान ही तरी वाटेत तमाशा बघत बसणार नाही.

नारायणगावहून पहाटेची एसटी धरली. चाकणच्या कोंडीत गाडी इतकी अडकली की शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पोरी, इमान हितनंच सुटतंय का?" तुम्ही जाणार असाल तर तिकीट महिनाभर आधी काढा, स्वस्त पडतं, आणि विमानाआधी चाकणचा हिशेब करा. डबा सोबत ठेवा, विमानतळावरचा चहा परवडत नाही.

गुवाहाटीत उतरले तेव्हा हिवाळ्यातले पाचच वाजले होते, पण दिवे लागले होते. आबांना फोन केला की इथं अंधार पडला.

"अंधार? आमी आत्ता कुठं मेंढरं पाण्यावर आणलीत. लई ऊन हाय अजून."

दोन्हीकडे घड्याळात एकच वेळ. नकाशावरचं अंतर मला तेव्हा पहिल्यांदा अंगाला जाणवलं.

दुसऱ्या दिवशी शाळा पाहिली. पत्र्याचं छप्पर, स्वच्छ पाणी, मागे नदी. खोडदला आकाश ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटेना आहेत म्हटल्यावर मुलांनी विचारलं, त्यांना आमचा गोंगाट ऐकू येतो का. मोठ्या बाईंनी भात आणि माशाचं आंबट कालवण वाढलं, आणि कधीपासून येणार ते विचारलं.

परत येऊन आठवडा झाला, तरी फोनमधलं ते ऊन डोक्यातून जात नाही. आल्या आल्या आबांनी पाण्याचं विचारलं, राहायच्या खोलीचं विचारलं, माणसं जेवू घालतात का ते विचारलं. पुढे गेलेला माणूस, ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्या शेतकऱ्याला जागेवरच शब्द देऊन येतो, आणि तो मागे घेतला तर साऱ्या वाड्याची मान खाली जाते. म्हणून त्यांनी शेवटचं हळूच विचारलं, "शब्द दिलास का?"

"दिला, आबा. ताटावरून उठायच्या आधीच."