शांत कोपरा

उन्हात तापलेल्या रबरी लाद्यांचा वास आला की भुकूमचं आमच्या सोसायटीमागचं मैदान आठवतं. तिथे नवे झोके बसायचे होते आणि भिंतीवर आदिवासी चित्रं यायची होती. कमिटीला वारली हवी होती. त्यासाठी शेजारच्या कातकरी वाडीतल्या एका मावशींना बोलावलं, तर त्या म्हणाल्या, "ते आमचं न्हाई." शेवटी त्यांनी गेरूच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने ओढा आणि खेकडे काढायला घेतले. मैदानातच भरलेल्या सूचनांच्या सभेला त्याही होत्या; नोंदींची वही माझ्याकडे होती. "मावशी, तुम्हाला काय हवं इथे?" मी विचारलं. कोपऱ्यातल्या उंबराकडे बघत त्या म्हणाल्या, "तितं माजी पोर निजलीया. तितं गलका नगं." मला वाटलं, कामावर आल्या की लेकीला त्या सावलीत निजवत असतील. मी कौतुकाने लिहिलं, "उंबराखाली शांत कोपरा, बसायला बाक." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने बाकासाठी खड्डा खणताना मजूर एकदम थांबला. मातीत काळ्या मण्यांची एवढीशी मनगटी होती आणि तिच्याभोवती काडीसारखी हाडं. मावशी ब्रश ठेवून आल्या. मनगटी उचलून त्यांनी पदराने पुसली. "ताई, मी सांगितलं हुतं," एवढंच म्हणाल्या. लेकीला पदरात घेऊन त्या गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. भिंतीवरचा ओढा अर्धाच राहिला. बाक मात्र बसला. ती वही आजही माझ्या कपाटात आहे. त्या पानावर 'पोर' हा शब्दच नाही.