मास्तरांना ताप आहे

खोटं बोलण्यात मास्तरीणबाईंचा हात कुणी धरला नसता, पण ही विद्या काही जन्मजात नव्हती. माहेरी असताना फुटलेली कपबशीसुद्धा त्या आपण होऊन कबूल करायच्या. लग्न झालं ते कटिंग मास्तरांशी. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापडाचे चाळीस-चाळीस थर रचून मास्तर त्यावरून कापायचं मशीन असं फिरवायचे, की सगळ्या बाह्या एका आईची लेकरं वाटाव्यात. ते मास्तर, म्हणून या मास्तरीणबाई. जन्मात एका पोराला शिकवलं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

दारू त्या घरात आधी संध्याकाळची यायची. मग दुपारी यायला लागली. शेवटी सकाळी तोंड धुण्याआधी दोन घोट पोटात गेल्याशिवाय मास्तरांचा हात स्थिर होईना. ज्या दिवशी जास्त व्हायची, त्या दिवशी बाई कारखान्याच्या मालकांना फोन लावायच्या. "मास्तरांना ताप आहे." ताप, जुलाब, कंबर, दाढ, सगळं पाळीपाळीने वापरून झालं. गडबडीत नवऱ्याच्या एकाच मावशीला त्यांनी दोनदा मारलं. दुसऱ्या वेळी मालक म्हणाले, "फार वाईट झालं हो," आणि बाईंनी चक्क डोळे पुसले. मावशी ठणठणीत होती.

ऐकायला गंमत वाटते. अकरा वर्षं सकाळी उठून नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं आणि आज कोणता आजार ते ठरवायचं, यात कसली आलीय गंमत!

मग एकदा चाळीसही थरांच्या बाह्या दोन बोटं आखूड कापल्या गेल्या. कापड वाया गेलं. मालकांनी आत बोलावून सांगितलं, "मास्तर, लोक काहीबाही बोलतात. तुम्ही पिता हे खरं निघालं, तर त्या दिवशी मशीन दुसऱ्याच्या हातात." मास्तर घरी आले, बाटली मोरीत ओतली आणि म्हणाले, "आजपासून बंद. एक थेंब नाही."

सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. बाईंनी फोन करून तीन दिवसांचा ताप मागून घेतला.

पहिल्या दिवशी मास्तरांना इतका घाम सुटला, की चादर पिळून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी पोटात पाणी ठरेना, डोळ्याला डोळा लागेना, दिव्याचं बटण दाबलं तरी ते दचकायचे. "विष बाहेर पडतंय," सासूबाई म्हणाल्या. "पडू दे." बाईंनाही तसंच वाटत होतं. त्रास जितका जास्त, तितकी सुटका जवळ, असा त्यांचा हिशोब. वर्षानुवर्षं दारूवर चाललेल्या शरीराची दारू एकाएकी तोडली तर ते जिवावर उठतं, हे त्या घरात कुणाला ठाऊक असणार? दारू सोडणं हे चांगलं काम. चांगल्या कामाने कुणी मरतं का?

तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर चादरीवरचे दोरे वेचत बसले होते. चादरीवर एकही दोरा नव्हता. "थर सरकलाय, धर की गं," ते म्हणाले. बाई जवळ गेल्या, तर विचारलं, "तुम्ही कोण?" आणि मग त्यांचं अंग एकदम ताठ झालं, दातखीळ बसली, हातपाय झटके देऊ लागले.

बाईंच्या बोटांना एकच नंबर पाठ होता. मालक स्वतः गाडी घेऊन आले, दोघांनी धरून मास्तरांना मागच्या सीटवर आडवं केलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, नाडी बघितली आणि विचारलं, "दारू घेतात का?"

मालक खाटेच्या पायथ्याशी उभे होते.

"छे हो," बाई म्हणाल्या. "कधीमधी. अगदी थोडी." शब्द सवयीने आले, त्यांना बोलवावंही लागलं नाही. सासूबाईंनी मान डोलावली.

"मग मेंदूला काही झालंय का, ते बघायला हवं," डॉक्टर म्हणाल्या आणि तपासण्यांचा कागद लिहायला वळल्या. खाटेवर मास्तर हवेतले दोरे पकडत होते. चेहरा राखेसारखा झाला होता. बाईंना कळत होतं, तो कागद चुकीच्या दिशेने चाललाय आणि तो त्यांच्याच तोंडाने धाडलाय. खरं सांगावं तर मशीन जाणार, मशीन गेलं की मास्तरांकडे उरणार काय? त्यांना आयुष्यात तेवढं एकच येत होतं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलले. ते रोज पितात. उठल्यापासून. दिवसाला एक बाटली, कधी जास्त. अकरा वर्षं झाली. तीन दिवसांपूर्वी एकदम बंद केली."

सासूबाईंनी दंडाला चिमटा काढला. बाईंनी मालकांकडे बघितलंच नाही.

"अहो, हे आधी सांगायचं ना!" डॉक्टरांनी नर्सला हाक मारली. "अशी एकदम तोडायची नसते. डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषध देऊन सोडवतात. दुपारपर्यंत थांबला असतात तर हाताशी काही राहिलं नसतं."

पाचव्या दिवशी मास्तरांनी बायकोला ओळखलं. डॉक्टर म्हणाल्या, हे नुसतं अंगातून काढणं झालं, सोडायचं काम आता सुरू होतंय. तसंच झालं. मास्तर आठवड्यातून दोनदा व्यसनमुक्तीच्या बैठकीला जायला लागले. दुसऱ्या महिन्यात एकदा घसरले. त्या दिवशी बाईंनी फोन करून मालकांना सांगितलं, "मास्तर प्यायलेत," आणि फोन ठेवला. मालकांनी काढून टाकलं नाही. पण मशीन दवाखान्यातल्या त्या दिवशीच दुसऱ्याला दिलं होतं आणि मास्तरांना शर्टांच्या घड्या घालायच्या टेबलावर बसवलं होतं. मास्तर घुम्यासारखे जायचे आणि घुम्यासारखे यायचे.

एका संध्याकाळी जेवता जेवता ते म्हणाले, "दवाखान्यात गप्प बसली असतीस, तर मशीन अजून माझ्या हातात असतं."

बाईंना असा संताप आला, की समोरचं ताट भिरकावून द्यावं. "असतं ना मशीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही नसता. मला तुम्ही हवे होतात. एवढंसुद्धा कळत नाही तुम्हाला?" आणि त्या सासूबाईंच्या देखत मोठ्याने रडल्या.

मास्तरांनी ताटावरचा हात मागे घेतला.

"आज येताना दारूच्या दुकानासमोर उभा होतो," ते म्हणाले. "आत गेलो नाही. पण खूप वेळ उभा होतो."