पोराला भंडाऱ्याला नेताना

पोरगा फौजेतून रिटायर होऊन आला, तेव्हा गावानं उघड्या जीपवर त्याची मिरवणूक काढली. फटाक्यांची लड मीच लावली. पहिला आवाज झाला तसा तो कान दाबून जीपमध्येच खाली बसला. लोक हसले. त्याची झोप कधीचीच उडाली होती, हे मला नंतर कळलं.

मी शाळा फारशी शिकलो नाही, पण ठरवलं ते करतो. लाखांदूरहून त्याला घेऊन भंडाऱ्याच्या एसटीत बसलो. मागच्या सीटवर आमचा शेजारी होता.

"कुठी चालले जी बाप-लेक?"

"दात दुखून राहिला, काका," पोरगा पटकन बोलला.

"दात कायचा दुखते? याले झोप येत नाही. मनाच्या डॉक्टरकडे नेऊन राहिलो."

पोरानं माझ्यावर डोळे वटारले.

"बंदूकवाला गडी, अन् पागलाचा डॉक्टर?" शेजारी म्हणाला.

"तू बंदूक धरली असती, तं धोतर सोडून पळाला असता!" मी म्हणालो.

शेजारी खो खो हसला. पोरगाही हसला. मग आपणच मागे वळून म्हणाला, "डोळा लागला की धमाके ऐकू येतात, काका. कच्चा म्हणतील म्हणून पलटणीत कोणाले सांगितलं नाही."

"सांग ना बाबू, मले सांग," शेजारी पुढे सरकला.

भंडारा येईपर्यंत पोरगा बोलत राहिला.