जमिनीखालचा ओला कापूस

जपानमधल्या इचिकावाच्या आमच्या घरात माझ्या फोडणीवर खटला चालू होता आणि न्यायाधीश पुण्यात बसून व्हिडिओ कॉलवर निकाल देत होत्या. न्यायाधीश म्हणजे सासूबाई. वकील एकच, माझा नवरा, आणि तोही त्यांच्याच बाजूचा. आरोप असा, की मी कुकर लावते, फोडण्या घालते, खिडक्या उघडत नाही, म्हणून घर दमट राहतं आणि म्हणून आमची सात वर्षांची लेक खोकते.

जूनचा पाऊस लागला की तिचा खोकला सुरू व्हायचा तो थेट सप्टेंबरपर्यंत. घरात कुठे बुरशी आहे का बघा, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. तेवढ्यावर या मायलेकांनी ठरवून टाकलं, की जुलैअखेर इथली उन्हाळ्याची सुट्टी लागली की लेकीला पुण्याला न्यायचं आणि तिथल्याच शाळेत घालायचं. "वर्षभर राहू दे माझ्याकडे. तू तुझी नोकरी कर आणि तुझं ते स्वयंपाकघर आवर," सासूबाई म्हणाल्या. मला विचारलं नव्हतं, कळवलं होतं. मी फोन पालथा ठेवला आणि मुद्दाम लसणाची चरचरीत फोडणी घातली.

मग पंधरा दिवस फोडणी बंदच केली. पुरावा हवा होता मला. नवरा मुकाट कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातली भाताची त्रिकोणी वडी खाऊन ऑफिसची ट्रेन पकडायचा, आणि लेक खोकतच राहिली. एकदा कांदे काढायला स्वयंपाकघरातल्या जमिनीतल्या कप्प्याचं झाकण उचललं, तर कुबट वासाचा भपकाराच आला. दुसऱ्या दिवशी मी घराच्या लाकडी जमिनीखाली उतरून तपासणी करणाऱ्या माणसाला बोलावलं. नवऱ्याला सांगितलं नाही.

माणूस पन्नाशीचा होता. त्याने आधी घरात पाऊल टाकल्याबद्दल माफी मागितली, मग कप्पा उचलल्याबद्दल, मग आवाज होईल त्याबद्दल. या देशातल्या असल्या आगाऊ माफ्यांचा मला वीट आला आहे. ज्यांनी मागायला हवी ते पुण्यात पाय पसरून बसलेत आणि हा बिचारा वाकतोय.

तो पोटावर सरपटत आत गेला आणि अर्ध्या तासाने फोटो घेऊन वर आला. जमिनीच्या फळ्यांखाली थंडी अडवायला काचेच्या कापसाची जाड गादी बसवलेली असते, हे मला तोवर ठाऊकही नव्हतं. आमची गादी भिजून जड झाली होती, काळी पडली होती आणि निम्मी सुटून लोंबत होती. खालच्या मातीतली ओल वर येते, वर एसीने गार पडलेल्या फळ्या. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसं तिथे सगळं भिजत होतं. हवा खेळत असती तर वाळलंही असतं, तो म्हणाला. "पण बाईसाहेब, जोत्यातले हवेचे झरोके कुणीतरी बुजवलेत."

बाहेर झुडपांमागे जाऊन त्याने एकेक बोळा ओढून काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या कापडाचे घट्ट बोळे. पहिलाच सोडला तर आत वांगी रंगाची इरकल साडी. सासूबाईंची. बाकीच्या बोळ्यांतही त्यांच्याच जुन्या साड्या. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. खोकल्याचं मूळ सापडलं याचा तो आनंद नव्हता, गुन्हेगार सापडला याचा होता.

सात वर्षांपूर्वी जानेवारीत त्या माझ्या बाळंतपणाला आल्या होत्या. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून माझ्या कानांत कापूस, डोक्याला रुमाल, खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्र. जमिनीतून गारठा येतो अशी माझी कुरकुर चाललेली असायची आणि त्या घराभोवती वारा शोधत फिरायच्या. शेवटी सापडला असणार. मी साडीचा फोटो मायलेकांना दोघांनाही पाठवला आणि खाली लिहिलं, "फोडणी निर्दोष सुटली. ही साडी ओळखता का?"

सासूबाईंचा लगेच फोन आला. "माझीच गं ती," त्या म्हणाल्या. "मीच बसवले होते बोळे. कुडकुडत होतीस तू." सात वर्षांचं साठलेलं माझ्या ओठांवर होतं. तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "पण विमानतळावर सांगितलं होतं ना तुला, उन्हाळा लागला की आठवणीने काढ म्हणून? काढले नाहीस?"

सांगितलं होतं. शेक घे, डिंकाचे लाडू संपव, बाळाच्या टाळूवर तेल घाल, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी झुडपांमागचे बोळे. बाळाला खांद्यावर घेऊन मी हो हो म्हणत होते आणि मनात ठरवत होते, की या बाईने सांगितलेली एकही गोष्ट मी करणार नाही. इथे जळणारा कचरा ठरलेल्या वारीच उचलतात; लाडू तर त्या वाराची वाट बघून टाकले. बोळे विसरले.

मी ओल्या साडीची उगाच घडी घालायला घेतली. त्यांना काय ते कळलं. "राहू दे पोरीला तुझ्याजवळच," म्हणाल्या. "घर तेवढं वाळवून घ्या." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी नवरा आला. दारात साड्यांचा ओला ढीग बघून तिथेच उभा राहिला. "आईने असं कसं केलं?" तो म्हणाला. "आणि इतकी वर्षं आम्ही तुलाच बोलत राहिलो. उद्या तिला तुझी माफी मागायला लावतो."

म्हणजे विमानतळावरचं सासूबाईंनी त्याला सांगितलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर खटला तिथेच संपला असता, आणि मी जिंकले असते.

आतल्या खोलीत लेक खोकली.

"त्यांनी ते बोळे मला काढायला सांगितले होते," मी म्हणाले. "सात वर्षांपूर्वी."