डांबरापासून दहा पावलं

माती सर्वेक्षण कार्यालयातल्या या साहेबांना मातीची किळस होती आणि पोट मात्र मातीवरच भरत होतं. बत्तीस वर्षांत त्यांनी राज्यातल्या जमिनींचे तीन जाडजूड अहवाल लिहिले. काळी कुठे, तांबडी कुठे, चोपण कुठे, थर किती खोल. वाचणाऱ्याला वाटावं, माणूस हयातभर खड्डे खणत असणार. प्रत्यक्षात हा उंटावरून शेळ्या हाकणारा. जीप थांबायची, शिपाई उतरायचा, डांबरापासून दहा पावलांवर कुदळ मारायचा आणि पिशवी भरून परत यायचा. साहेब आत बसल्या बसल्या चिठ्ठीवर शेताचा गट नंबर लिहायचे.

आता, रस्त्याच्या कडेला भराव घालतात तो मुरूम कुठल्या तरी टेकडीवरून आणलेला असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरं, पण शीत त्याच भांड्यातलं नको का? अहवालात अर्धा तालुका उथळ, मुरमाड, नापीक ठरला. साहेबांना बढती मिळाली.

पुढे कचरा डेपोसाठी नापीक जमीन हवी झाली, तेव्हा हाच अहवाल उघडला गेला. निवडलेल्या जागेत साहेबांच्या वडिलांची नऊ एकर निघाली. ती थोरली बहीण एकटीनं कसत होती. सोमवारी सुनावणी होती. शुक्रवारी ती कार्यालयात आली आणि टेबलावर तिनं फडक्यातली माती सोडली. काळीभोर, ओलसर, चिमटीत दाबली की मेणासारखी चिकटणारी. पुरुषभर खोल हीच माती लागते, अहवाल चुकला एवढं लिहून दे, असं तिचं म्हणणं.

साहेबांनी आधी कागद बाजूला घेतले, डाग पडायला नकोत म्हणून. एक चूक कबूल केली तर तिन्ही अहवाल उघडे पडणार, हे त्यांना कळत होतं. तेवढंच कळत होतं. लाज वगैरे काही वाटत नव्हती. घसा खाकरून त्यांनी सख्ख्या बहिणीला सांगितलं, की नमुना त्याच शेतातला आहे याला पुरावा लागतो.

"मग आत्ताच चल," अक्का म्हणाली. "तुझ्या हातानं खण आणि लिही."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "गाडी बांधापर्यंत जाते का?"

अक्कानं माती गोळा केली.

"होईल की रस्ता," फडक्याला गाठ मारत ती म्हणाली. "कचऱ्याच्या गाड्यांसाठी करणारच आहेत. तेव्हा ये."