शेळीसारखा बांधलेला पाय

“आजोबा, हा कंपार्टमेंट सिंड्रोम आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पाय बांधला कधी?”

“दुपारी. एक-दीडला,” मी म्हणालो.

खोटं बोललो. पाय सकाळी आठला बांधला होता, आणि बांधणारा मीच होतो.

पाय माझ्या नातीचा. प्राजक्ता तिचं नाव, वय तेवीस, हिंजवडीत कंपनीत कामाला. रविवारचे संध्याकाळी साडेपाच वाजले होते. ती स्ट्रेचरवर दातात ओढणी धरून पडली होती. शेजारी तिची आई, म्हणजे माझी सून सुरेखा. डॉक्टरबाई पोरीच्या पोटरीवरचे कामट्यांचे वळ बोटानं चाचपत होत्या.

बाईंनी सांगितलं ते असं. गुडघ्याखाली मांसाचे चार कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला घट्ट खोळ असते, ती ताणली जात नाही. हाड मोडलं की आत सूज येते. त्यात वरून कुणी आवळून बांधलं तर दाब एवढा वाढतो की मांसाला रक्तच मिळत नाही. मांस आणि नसा गुदमरून मरायला लागतात. काही तासांत खोळ उघडली तर पाय वाचतो. उशीर झाला तर पाय जातो, कधी माणूसही जातो.

मी चौथी शिकलोय. जन्म शेरडं राखण्यात गेला. तरी हे लिहितोय, कारण आमच्याकडं अजून घरोघरी हातपाय असेच बांधतात.

आता सकाळचं सांगतो.

आमच्या भुकूम गावाच्या वरच्या अंगाला बिल्डरनं प्लॉट पाडलेत. डांबरी रस्ते केले, दिव्याचे खांब रोवले, बंगला एकही नाही. प्लॉटमधलं गवत माझ्या शेळ्या खातात. दर रविवारी सकाळी प्राजक्ता तिची स्पोर्ट बाईक घेऊन तिथं यायची, व्हीली शिकायला. व्हीली म्हणजे पुढचं चाक उचलून गाडी नुसत्या मागच्या चाकावर चालवायची. बोकड बाभळीचा पाला ओरबाडायला मागच्या पायांवर उभा राहतो, तसं. घरी कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पहिल्या गिअरात सावकाश जायचं, क्लच दाबायचा, रेस वाढवायची नि क्लच सोडायचा. पुढचं उठतं. उजवा पाय सारखा मागच्या ब्रेकवर पाहिजे. गाडी मागं उलटायला लागली तर तोच ब्रेक दाबायचा, म्हणजे चाक खाली येतं. हे सगळं तिनंच मला सांगितलेलं.

एकदा विचारलं, “कशाला करती गं हे?”

“आबा, चाक वर असतंय तेवढा वेळ डोक्यात काय नसतंय. आजीपण नसती.”

तिची आजी, म्हणजे माझी बायको, गेल्या वर्षी गेली. न्यूमोनिया म्हणून स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेलेली बाई अकरा दिवसांनी कापडात गुंडाळून दिली. शेवटचे पाच दिवस मी तिला काचेतूनच बघितली. प्राजक्ता तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. म्हणून मी पुढं काही बोललो नाही. आणि तेव्हापासून दवाखान्याची पायरी चढायची नाही, हेही मनाशी ठरवून टाकलेलं.

त्या रविवारी दव पडलं होतं. तिच्या बुटाचे तळ ओले होते. दोनदा तिनं चाक उचललं. मी दगडावर बसून म्हणालो, “गेल्या रविवारपेक्षा कमीच उठलं की.”

कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. मीच म्हणालो.

“थांबा, दावते तुमाला,” ती म्हणाली.

तिसऱ्यांदा चाक सरळ आभाळाकडं गेलं. ब्रेकवरचा पाय सटकला. गाडी मागं उलटता उलटता वाकडी झाली आणि तिच्या उजव्या नडगीवर आडवी पडली. डोक्याला हेल्मेट होतं, गुडघ्याला गार्ड होते. नडगीला काही नव्हतं.

मी गाडी बाजूला लोटली. नडगी हाताखाली करकरली. रक्त नव्हतं. मी म्हणालो, “हाड चिरलंय. मी बांधतो.”

तीही म्हणाली, “बांधा आबा. आईला कळलं तर गाडी इकून टाकंल.”

दुधाच्या टेम्पोतून तिला घरी आणली. चाळीस वर्षं मी शेळ्यांचे मोडलेले पाय बांधतोय. बांबूच्या कामट्या आणि वर धोतराची पट्टी, गच्च. सैल राहिलं तर शेळी उड्या मारून सोडवून घेते. महिन्या-दीड महिन्यात ती पुन्हा बांधावरून पळते. तसाच पोरीचा पाय बांधला. आता कळतं, शेळीच्या नडगीवर मांस नसतं, नुसतं कातडं नि हाड. सुजायला तिथं काही नाही. माणसाची पोटरी मांसाची असते. चाळीस वर्षांत हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मुलगा दिलीप टुरिस्ट गाडी घेऊन कोल्हापूरला गेलेला. सुरेखा कंपनीच्या कँटीनमध्ये, तिची रविवारीही ड्युटी. घरात आम्ही दोघंच.

दहा वाजता पोरगी म्हणाली, लई दुखतंय. दुखायची गोळी दिली. बाराला म्हणाली, “आबा, सैल करा जरा.” मी म्हणालो, “पयल्या दिवशी दुखतंच. सैल केलं तर हाड सरकंल.” दोनला बोटांना मुंग्या आल्या. तीनला मुंग्या थांबल्या. मला वाटलं, उतार पडला. मी शेळ्यांना पाणी दाखवून आलो. नंतर दवाखान्यात कळलं, मुंग्या थांबल्या ते नस बधिर झाली म्हणून.

चारच्या पुढं सुरेखा आली. तिनं पोरीच्या पायाचा अंगठा नुसता वर केला तर पोरगी किंचाळली. सुरेखानं कातरी आणून पट्टी कापली. आतली पोटरी कलिंगडासारखी टणक नि चकचकीत झालेली.

“कशी पडली?”

“अंगणात घसरले,” प्राजक्ता म्हणाली. मी मान डोलावली.

शेजाऱ्याची गाडी काढली. पुण्याच्या रस्त्याला भूगावपासून चांदणी चौकापर्यंत गाड्यांची रांग. पाय सीटवर आडवा, तिचं डोकं माझ्या मांडीवर. सुरेखा पुढं बसून काचेवर हात आपटत होती.

तर डॉक्टरबाईंनी वेळ विचारली आणि मी दुपार सांगितली. बाई पायाकडं बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “दुपारी बांधला असेल तर आपण वेळेत आहोत. पण पाय तसं सांगत नाहीये. आजोबा, मला कुणावर रागवायचं नाही. जास्त वेळ गेला असेल तर मेलेल्या मांसातली घाण रक्तात उतरते आणि किडनी बंद पडते. मला त्याची तयारी आत्ताच करायला हवी. खरी वेळ सांगा.”

पोरीनं डोळे उघडले नि माझ्याकडं बघितलं. तिनं वेळ सांगितली नाही, अजून मलाच झाकत होती.

“सकाळी आठला,” मी म्हणालो. “मीच बांधला. आन् ती अंगणात न्हाई पडली. गाडी उडवताना पडली. मी तितंच होतो.”

सुरेखा माझ्याकडं वळली. “आठला? तुमी शेरडू बांधलं का माझी पोर बांधली, आबा?”

बाईंनी वेळ कागदावर लिहिली. सिस्टरला सलाईन जोरात सोडायला सांगितलं, रक्त तपासायला पाठवलं. फॅशिओटॉमी करायची, म्हणाल्या. म्हणजे पोटरीला दोन्ही अंगांनी लांब चिरा देऊन त्या खोळी उघड्या करायच्या, मांसाला श्वास घेऊ द्यायचा. कागदावर लिहिलं होतं की वेळ आली तर पाय काढावा लागेल. मी सहीला हात पुढं केला.

“ती शुद्धीवर आहे आणि सज्ञान आहे,” बाई म्हणाल्या. “सही तिची.”

प्राजक्तानं कागद पूर्ण वाचला. “पाय काढणार?”

“न काढायचा प्रयत्न करणार. वचन देत नाही.”

तिनं सही केली आणि पेन आईच्या हातात दिलं.

दीड तास ऑपरेशन चाललं. मी जिन्याजवळ उभा होतो, बाकावर सुरेखाशेजारी जागा होती तरी. बाई बाहेर आल्या, टोपी काढली. “तीन कप्पे चांगले आहेत. पुढच्या कप्प्यातलं मांस काळपट आहे. दोन दिवसांनी परत उघडून बघू. तोवर काही सांगता येणार नाही.” हाडाला बाहेरून सळ्या लावल्या होत्या. त्याला एक्स्टर्नल फिक्सेटर म्हणतात. जखम उघडीच ठेवतात, शिवत नाहीत. बघून घाबरू नका, तसंच असतं.

सोमवारी सकाळी तिच्या लघवीची पिशवी बिनदुधाच्या चहासारखी काळी दिसली. क्रिएटिनिन वाढलं होतं. रक्तातला हा आकडा वाढला म्हणजे किडनीला काम झेपत नाही. आणखी वाढला तर डायलिसिस, म्हणजे यंत्रानं रक्त धुवायचं. मी खाटेखालच्या त्या पिशवीवरच नजर लावून बसलो.

सिस्टर म्हणाली, “आजोबा, बघून बघून रंग बदलत नाही.”

“मग मी काय बगू?”

तिनं स्टूल आणून दिलं.

दिलीप आला होता. तो नुसता डबा ठेवून जायचा. सुरेखा माझ्याशी बोलायची बंद झाली. चहा आणला तर कप खिडकीत ठेवायची, माझ्या हातात द्यायची नाही.

मंगळवारी दुपारी पिशवीतला रंग जरा फिकट दिसला. मला वाटलं, उजेडामुळं दिसतोय. सिस्टरला बोलावलं. तिनं पिशवी उचलून धरली आणि म्हणाली, “उतरतोय.” रक्ताचा आकडाही खाली आला. बाई फेरीला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, “त्या दिवशी खरी वेळ सांगितलीत म्हणून सलाईन आणि औषधं आधीपासून सुरू झाली. त्याचा उपयोग झाला.” सुरेखा तिथंच होती. तिनं ऐकलं.

बुधवारी पुन्हा आत नेलं. मेलेलं मांस काढलं, मूठभर असेल. पाय राहिला. पुढच्या आठवड्यात मांडीची कातडी काढून जखमेवर लावली, तिला स्किन ग्राफ्ट म्हणतात. तेविसाव्या दिवशी आम्ही घरी आलो.

पाय राहिला, पण पंजा लोंबत होता. ह्याला फूट ड्रॉप म्हणतात. पंजा वर उचलणारी नस मार खाते, मग चालताना बोटं जमिनीला अडतात. बाई म्हणाल्या, “नस जिवंत असेल तर हळूहळू परत येईल. महिने लागतील. येणार नाही असंही होऊ शकतं.” पंजा वर धरून ठेवायला प्लास्टिकची पट्टी दिली. रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम. व्यायाम म्हणजे काय, तर पोरीनं अंगठा वर उचलायचा, आणि तो उठत नसला तरी उचलायचा.

तुमच्या घरात कुणाचा हात किंवा पाय मोडला तर तिथं आवळून काही बांधू नका. हलू नये एवढाच आधार द्या आणि घेऊन निघा. मार लागलाय त्याच्या मानानं दुखणं भलतंच वाढत असेल, बोट नुसतं ताणलं तरी जीव जात असेल, मुंग्या येत असतील, मांस दगडासारखं लागत असेल, तर बांधलेलं आधी सोडा आणि तासाचीही वाट बघू नका. आणि डॉक्टर विचारतील ते खरं सांगा. तिथं लाज राखून काही मिळत नाही.

गाडी शेडमध्ये उभी आहे. दिलीपनं गिऱ्हाईक आणलं होतं. मी म्हणालो, गाडी तिची हाय, तिला इचार. ती म्हणाली ठेवा. पुन्हा शिकायचं तर शिकवणाऱ्यासमोर आणि नडगीला गार्ड लावून, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. बंद कर म्हणायचा हक्क मी त्या सकाळी दगडावर बसून घालवला.

बायको गेली तेव्हा मी सगळ्या पांढऱ्या कोटवाल्यांना शिव्या दिल्या होत्या. तिलाही मी आठ दिवस काढा पाजत घरी ठेवली होती. हे कुणाला बोललो नव्हतो. आता लिहितोय. ज्या डॉक्टरबाईंनी माझं खोटं पकडलं आणि तरी चारचौघांत माझी लाज काढली नाही, त्यांच्यामुळं माझ्या नातीला दोन पाय आहेत. रंग बघायला स्टूल देणाऱ्या सिस्टरलाही मी विसरणार नाही.

घरी आल्यावर अडीच महिने अंगठा हलला नाही. मी रोज समोर बसायचो. “उचल.” “उचलतीय आबा.” “उचल.” ती घामाघूम व्हायची आणि अंगठा तसाच. मग एका सकाळी, मी मनातून सोडून दिलं होतं तेव्हा, नखाची कड ज्वारीच्या दाण्याएवढी वर आली नि खाली गेली.

मी पायावर वाकलो.

“बगितलं का?” ती म्हणाली.

“बगितलं. पुन्यांदा कर.”

पुन्हा हलला नाही. तिसऱ्यांदाही नाही. ती रडायला लागली. ते ऐकून सुरेखा पिठाच्या हातांनी बाहेर आली.

“काय झालं?”

“अंगठा हलला,” मी म्हणालो. “आत्ता. एकदाच.”

सुरेखानं पायाकडं बघितलं. तो निपचित होता. मग तिनं माझ्याकडं बघितलं. दवाखान्यातल्या त्या संध्याकाळपासून ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती.

“खरं सांगताय, आबा?”

“खरं सांगतोय.”

ती पोरीच्या पायाशी बसली, पीठ पदराला पुसलं, आणि मला म्हणाली, “सरका जरा. मलाबी बगू द्या.”