पेवातली कुत्री

माझे सासरे बेंबळीत शिकारी कुत्री पाळून पिल्लं विकायचे. त्यातली एक विऊन विऊन नुसती हाडं उरली होती. "हिला आता विऊ देऊ नका," असं ढोरडॉक्टरांनी बजावलं होतं. तरी ती पुन्हा व्याली. डॉक्टर तपासणीला आलेले दिसताच सासऱ्यांनी तिला जोंधळा साठवायच्या जमिनीखालच्या खोल पेवात सोडलं, वर फरशी सरकवली. बंद पेवात जीव गुदमरतो. माणूस उतरवण्याआधी सासरे पेटता कंदील सोडून बघायचे. विझला तर कुणाला उतरू देत नसत. कुत्रीसाठी कोण कंदील लावतो!

"व्याली अन् मेली हो ती," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर हळहळले. पिल्लं फरशीभोवती केकाटत होती. डॉक्टर गेल्यावर मीच फरशी ओढली. सासऱ्यांचं बोलणं खरं झालं होतं.